टेकू

गर्भाशयात गाठ आहे म्हटल्यावर वाटलं, उद्याच कापतील.
पपई नासकी निघाली तर कोणी महिनाभर ठेवतं का घरात?
डॉक्टर म्हणाले, सव्वीस दिवस.
साखर दोनशे ऐंशी, जिन्याच्या सहाव्या पायरीवर धाप,
अशा अंगाची जखम भरत नाही लवकर.
आधी अंग तयार करा.

अंग तयार करा म्हणे.
बोहल्यावर उभी राहते आहे का मी, अठ्ठावन्नाव्या वर्षी?

मेहरून तडवी हसली नाही.
यावलकडची पोर, पायात पांढरे बूट.
समोर खुर्ची ठेवून म्हणाली, काकू, हात न टेकवता उठा.
मी उठले नाही.
तीन बाळंतपणं, दोन म्हशी, सालदारांच्या भाकरी,
सगळं हात टेकवून टेकवूनच केलं होतं
ते त्या दिवशी कळलं.

पहाटे पाचला निघतो, ऊन तापायच्या आत.
सावद्याच्या रस्त्याला केळीचे ट्रक झोपलेले असतात.
छत्तीस वर्षं माझ्यापुढे दहा पावलं चालणारा माणूस
आता थांबतो, वळतो, मी पोचले की सोबत निघतो,
आणि बोलायला काहीच नसल्यामुळे
विजेचे खांब मोजतो.
सोमवारी अकरा.
शुक्रवारी सतरा, आणि परत येताना म्हणाले,
चौदावा वाकलाय, तुझ्या लक्षात आलं का?

नातवाच्या गणिताच्या वहीत, मागून,
माझी साखर लिहिलेली. उपाशी १९२. जेवून २४०.
कळण्याची भाकरी दीडवरून एक. भात बंद.
रोज दोन उकडलेली अंडी.
त्यापायी सासूबाईंच्या फोटोकडे दोन दिवस बघितलं नाही.

प्लास्टिकच्या डब्यात तीन निळे चेंडू.
नळीतून श्वास ओढला की वर चढतात.
पहिला लगेच. दुसरा रडतखडत.
तिसरा मानपानावरून रुसलेल्या व्याह्यासारखा
बसल्या जागचा हलत नाही.

मग आखाजी आली. लेकी आल्या.
कडुनिंबाला झोका, अंगणात चूल, चुलीवर पालथं खापर.
मांडे मीच केले. पोळी हातावर मोठी होत जाते
तेव्हा दंड बोलतात;
वहीत व्यायाम म्हणून लिहायला हवं होतं.
आमरसाच्या वाट्या फिरल्या, माझ्यापुढे ताक.
रात्री सगळे निजल्यावर पातेल्याच्या तळाशी राहिलेला
बोटानं चाटला.
मग वाटीनं.

सकाळी ३११.

मेहरूनला फोनवर काय खोटं सांगायचं ते ठरवून ठेवलं होतं.
ती म्हणाली, रस होता ना? आमच्याकडेही होता काल.
थोडा वेळ कोणीच बोललं नाही.
मग: डॉक्टरांना विचारून इन्शुलिनचं कळवते.
आज संध्याकाळी पण चाला.
आणि झोका सोडू नका, पाय मारा जोरात.

म्हणून मारले. दिवेलागणीला, लेकी आत भांडी घासताना,
एकटी, लुगड्याचा काष्टा खोचून.
शेजारची सुशीला भिंतीवरून म्हणाली,
काय व माय, ऑपरेशन तुलेच आहे ना?

दुपारभर हे मळ्यात असायचे.
घड जड झालेत, झाडं एका अंगाला झुकलीत,
ज्येष्ठातल्या वाऱ्याच्या आधी बांबू लावून व्हायला हवेत.
हातात फासे घेऊन घरी यायचे
आणि वही उघडून आधी आकडा बघायचे.

बाविसाव्या दिवशी खुर्चीवरून उठले.
हात पदरात होते.
घरात कोणी नव्हतं, म्हणून परत बसले
आणि परत उठले.

जळगावला दुसऱ्या मजल्यावर खाट मिळाली.
उद्या सकाळी आठला. उपाशी १३४.
जिन्यानं आलो. एकदा थांबले, खोटं कशाला बोलू.
अंधार पडता पडता वावटळ सुटली,
तावदानं वाजायला लागली,
वॉर्डातल्या बाया उठून बसल्या.
हे व्हरांड्यात फोनवर, सालदाराशी, आवाज दाबून:
खालच्या पट्ट्यात लावले का टेकू सगळ्यायले?
मंग काय.
काही पडतीन. सगळे नाही पडत.

मी झोपले असं वाटलं असेल त्यांना.
नळी ओठांत धरली.
ओढला श्वास.
दुसरा वर जाऊन टिकला.
तिसरा
जागचा सुटला.